डिशचं तोंड सिन्नरकडे

नाशिकमध्ये कुठल्याही गच्चीवर चढून पाहावं. सिडकोतली चार मजली इमारत असो, जुन्या नाशकातला वाडा असो, की गंगापूर रोडवरची नवी सोसायटी. डिशची तोंडं सगळीकडे एकाच अंगाला वळलेली दिसतात. ती बाजू आग्नेय. पांडवलेण्यांचा डोंगर उजव्या हाताला, रामशेज पाठीशी, आणि समोर नाशिकरोड ओलांडून सिन्नर. कीर्तन, क्रिकेट, दुपारची मालिका, रात्रीच्या बातम्या, घरात जे काही येतं ते सिन्नरच्या वरच्या आभाळातून उतरतं. विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर उपग्रह आहेत. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात तेही एक फेरी पुरी करतात, म्हणून आपल्याला ते आभाळात खिळा ठोकल्यासारखे एका जागी. डिश एकदा नीट बसली की वर्षानुवर्षं तिला हात लावावा लागत नाही, तो यामुळे.

आणि तरी टीव्ही काळा पडला की घरातलं पहिलं बोट सेट-टॉप बॉक्सकडे जातं. ‘बॉक्स गेला.’ मग त्याला थापट्या बसतात, पाच वेळा बंद-चालू होतो, शेवटी कोणीतरी नवा आणायला निघतं. याबाबत माझं मत ठाम आहे. बॉक्स सगळ्यात शेवटी जातो. त्याच्या आधी जाते तारेच्या टोकाची पिन, गच्चीवरचा बोल्ट, भिंतीतला अडॅप्टर, नाहीतर रिमोटमधले सेल. बॉक्सची चूक एवढीच की बिघाड कुठेही असो, तो सांगायचं काम त्याच्याकडे आहे. तो काय सांगतो ते वाचता आलं तर निम्मी दुरुस्ती खुर्चीत बसूनच होते. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसाला दुपारची मालिका म्हणजे सोबत असते. डिशवाला ‘उद्या येतो’ म्हणून तिसऱ्या दिवशी येतो तेव्हा ती सोबत तीन दिवस तुटते. म्हणून हे घरातल्या एकाला तरी यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात एका प्रश्नाने करावी: ‘नो सिग्नल’ असं कोण म्हणतंय? टीव्ही म्हणतोय की बॉक्स? निळ्या किंवा काळ्या पडद्यावर नुसते दोन शब्द तरंगत असतील, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत असतील, तर ते टीव्हीचे शब्द आहेत. टीव्हीला बॉक्सकडून काहीच मिळत नाही, इतकाच त्याचा अर्थ. कोणाच्या तरी हातून सोर्सचं बटण दाबलं गेलं, एचडीएमआय 1 च्या जागी एचडीएमआय 2 लागलं, केबल सैल झाली, किंवा बॉक्सच बंद आहे. गच्चीवर जायचं काही कारण नाही. उलट पडद्यावर कंपनीचं चिन्ह, एखादा क्रमांक आणि दोन ओळींचा मजकूर असेल, तर बॉक्स आणि टीव्ही यांचं उत्तम चाललंय. बॉक्सने स्वतः लिहून पाठवलंय की मला वरून काही येत नाही. मग टीव्हीच्या मागच्या तारा ओढत बसण्यात अर्थ नाही. हा फरक फोनवर विचारूनही कळतो. गावाकडे आई-वडील असतील तर ‘लिहिलेलं हलतंय का, एका जागी आहे?’ एवढंच विचारावं.

बॉक्स बोलत असेल तर पुढची पायरी त्याच्या मेनूतले दोन पट्टे. सेटिंग, सिस्टिम, इन्स्टॉलेशन, सिग्नल, नाव कंपनीगणिक वेगळं, पण आत पट्टे दोनच: एक स्ट्रेंग्थचा, एक क्वालिटीचा. म्हणजे ताकद आणि दर्जा. लोक ताकदीचा पट्टा भरलेला पाहून ‘सिग्नल तर फुल आहे’ म्हणतात आणि तिथेच फसतात. डिशच्या पुढे दांड्यावर बसवलेला एलएनबी हा मुळात एक अॅम्प्लिफायर आहे. समोर उपग्रह असो की शेजारच्याची भिंत, तो जे मिळेल ते वाढवून खाली पाठवतो. निव्वळ खरखर पाठवली तरी ताकदीचा पट्टा साठ-सत्तर दाखवू शकतो. उपग्रहाची ओळख पटली की नाही ते फक्त दर्जाचा पट्टा सांगतो.

तेव्हा ताकद चांगली आणि दर्जा शून्य असेल तर वीज वर पोहोचतेय, केबल धड आहे, एलएनबी जिवंत आहे. डिश हललीय किंवा तिच्या वाटेत काहीतरी उभं राहिलंय. दोन्ही शून्य असतील तर केबल तुटलीय, पिन निघालीय किंवा एलएनबी मेलाय. दर्जा सारखा वरखाली होत असेल, वाऱ्याच्या झोताबरोबर चित्राचे चौकोन होत असतील, तर काहीतरी सैल आहे: पिन, नाहीतर बोल्ट. आणि काही वाहिन्या स्वच्छ, काही मात्र कायम गायब, असं असेल तेव्हा तारेतल्या व्होल्टेजचा विचार करावा. एलएनबीला वीज याच केबलमधून जाते. उपग्रहाच्या काही लहरी उभ्या डुलतात, काही आडव्या; त्यालाच ध्रुवण म्हणतात. उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्यांसाठी बॉक्स 13 व्होल्ट पाठवतो, आडव्या ध्रुवणाच्या वाहिन्यांसाठी 18. केबल लांब, हलकी किंवा गंजलेली असली की ते 18 व्होल्ट गच्चीवर पोहोचेपर्यंत घटतात, एलएनबीला तो 13 चाच हुकूम वाटतो, आणि आडव्या ध्रुवणाच्या वाहिन्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा दिसेनासा होतो. माणसं समजतात पॅक संपला.

एका एलएनबीवरून दोन खोल्यांत दोन बॉक्स चालवायला केबलचा साधा स्प्लिटर लावला तरी हेच होतं. एक बॉक्स 13 मागतो, दुसरा 18. एलएनबी कोणाचं ऐकणार? दोन तोंडांचा एलएनबी आणि खाली दोन स्वतंत्र केबल, हाच त्याचा मार्ग.

आता पावसाचं. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पावसाचे टपोरे थेंब दोन ते पाच मिलिमीटरचे. इतक्या आखूड लहरीला दाट थेंब शोषतात आणि विखुरतात, म्हणून मोठ्या सरीत चित्र जातं. त्यात काही बिघडलेलं नसतं. पण नाशिककराला कोडं पडतं ते असं, की डोक्यावर पाऊस नाही आणि चित्र गेलं, किंवा वर धो-धो कोसळतोय आणि चित्र शाबूत आहे. डिशची दृष्टी सरळ वर नसते, आग्नेयेला तिरकी चढते. दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशचा उपग्रह आपल्याला क्षितिजापासून साधारण 57 अंशांवर दिसतो. म्हणजे पाच किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचलेला ढग डिशच्या वाटेत येतो तो आपल्यापासून तीन-सव्वातीन किलोमीटर पलीकडे. पंचवटीतल्या घराची वाट नाशिकरोडच्या बाजूचा ढग अडवतो. आग्नेयेकडून ढग चढत आला तर पाऊस गच्चीवर पोचण्याआधीच टीव्ही वर्दी देतो. पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या बाजूने सर आली तर आधी आपण भिजतो, चित्र मागाहून जातं.

ढग सरला की चित्र आपोआप परत येतं. येत नसेल तर गोष्ट वेगळी. आभाळ मोकळं होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली, दर्जा अजून शून्य, आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर दुपारी चित्र परत, असं दोनदा घडलं की नक्की समजावं, पाणी पिनेत शिरलंय. ढगामुळे गेलेलं चित्र ढगाबरोबर परततं, पाण्यामुळे गेलेलं सुकल्यावर.

नाशिकच्या गच्च्यांवरचे निम्मेअधिक बिघाड मला या एका पिनेत दिसतात, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. आधी एक गोष्ट पाळायचीच: बॉक्सची वीज खाली बंद, प्लग बाहेर. चालू बॉक्सची पिन सोडवताना आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होतो. बरेच बॉक्स तसा इशारा देऊन स्वतःला वाचवतात, पण परीक्षा घेऊ नये. गच्ची ओली असेल, आभाळात चमकत असेल तर वर जायचंच नाही.

एलएनबीखालची पिन हाताने फिरवून काढली की आत पाहा. मधली तार तांबूस, चकचकीत हवी. ती काळी किंवा हिरवट झाली असेल, भोवतालच्या अॅल्युमिनियमच्या जाळीवर पांढरी भुकटी असेल, तर पाणी बरेच दिवस मुक्कामाला आहे. नुसतं पुसून परत लावू नये. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं जाळीतून पाणी केबलभर पसरतं. बोटभर केबल कापून पाहावी. जाळी काळीच दिसली तर आणखी वीतभर कापावी. लख्ख जाळी दिसेपर्यंत मागे जावं. खाली बॉक्सच्या टोकालाही जाळी काळी निघाली तर केबल पूर्ण बदलणं बरं. आरजी 6 प्रकारची, 75 ओहमची केबल लागते. तिच्यात एक मिलिमीटरची सघन मधली तार असते, पांढरा फोम, त्यावर चकाकता कागद, मग जाळी आणि सर्वांत बाहेर काळं आवरण. एम. जी. रोडवरच्या दुकानात मागताना मीटरचा भाव विचारण्याआधी जाळी किती दाट आहे ते कापून पाहावं. स्वस्त केबलमध्ये जाळीच्या नावाने दहा-बारा केस असतात.

नव्या पिनेसाठी टोकापासून 13-14 मिलिमीटर काळं आवरण गोल कापून काढायचं, जाळीला चरा न पडता. जाळी मागे उलटवायची, सदऱ्याची बाही दुमडतात तशी. मग टोकाचा 6-7 मिलिमीटर फोम काढून मधली तार उघडी करायची. सुरीने तारेवर ओरखडा पडला तर ती पुढे वाकताना तिथेच तुटते, म्हणून फोम कापताना तारेपर्यंत न जाता शेवटचा थर चिमटीत पिळून ओढावा. पिन आत सरकवली की आतून पाहायचं: पांढरा फोम पिनेच्या तळाशी सपाट टेकला पाहिजे, आणि मधली तार पिनेच्या काठाबाहेर एक-दोन मिलिमीटर दिसली पाहिजे. आखूड राहिली तर एलएनबीच्या भोकात पोहोचत नाही, लांब राहिली तर आतली पत्ती दुखावते. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सगळं मुसळ केरात. उजेडाकडे धरून तो केस शोधावा. फिरवून बसवायची पिन स्वस्त आणि हाताने बसते, पण उन्हापावसात दोन वर्षांत सैल पडते. दाबयंत्राने बसवायची कॉम्प्रेशन पिन जरा महाग आणि खूप टिकाऊ. गच्चीवरच्या टोकाला ती लावावी, खाली बॉक्सला साधी चालेल.

वर गुंडाळायच्या पट्टीतही गंमत आहे. काळी इन्सुलेशन टेप एप्रिल-मेच्या उन्हात चिकटपणा सोडते आणि पहिल्याच पावसात तिच्या घडीत पाणी साठतं. ताणून गुंडाळली की स्वतःशीच एकजीव होणारी रबरी पट्टी मिळते, ती वापरावी. गुंडाळायची खालून वर, कौलं चढवतात तशी, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर येतो आणि पाणी घरंगळून जातं. सिलिकॉन लावणार असाल तर नाकाला व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. त्यातलं आम्ल तांबं खातं. शेवटी, केबल एलएनबीपासून थेट ताणून न आणता तिला खाली एक झोळ द्यायचा, आणि घरात शिरण्याआधी खिडकीबाहेर दुसरा. पाणी झोळाच्या तळाशी जमतं आणि टपकतं, आत येत नाही.

पिन ठीक, केबल ठीक, ताकद भरपूर, दर्जा शून्य. मग डिश. इथे माणसांचा अंदाज फार चुकतो, कारण डिश ‘दिसायला तर सरळ आहे’. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. काठ एक सेंटिमीटर सरकला की डिश जवळजवळ दोन अंश वळते, आणि उपग्रह नजरेबाहेर जातो. संक्रांतीनंतर तक्रारी वाढतात त्या यामुळे. येवला पतंगांसाठी प्रसिद्ध, पण नाशिकच्या गच्च्याही त्या दिवशी भरलेल्या असतात. कोणी अडकलेला मांजा ओढतं, कोणी डिशच्या दांड्याला टेकून उभं राहतं. पुढे वर्षभर वाळवणं, गाद्या, टाकी धुणारा माणूस. एक सेंटिमीटर सरकायला फार काही लागत नाही.

बोल्ट सैल करण्याआधी ऑइलपेंटच्या मार्करने दोन रेघा माराव्यात: एक डिशच्या पकडीवरून खांबावर आडवी, एक उंचीच्या खाचेवर. काही चुकलंच तर निदान होतं तिथे परत येता येतं. खांब ओळंब्यात आहे ना, ते पाहावं. खांब कलला असेल तर डिश कितीही फिरवली तरी आकडे जुळत नाहीत. मग 10 आणि 13 नंबरचे पाने घेऊन बोल्ट एवढेच सैल करायचे की डिश हाताने हलेल पण स्वतःहून पडणार नाही.

नाशिकसाठीचे आकडे असे. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायची, उंची क्षितिजापासून वर, दोन्ही अंशांत. फ्री डिशचा जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यासाठी दिशा साधारण 134 अंश, उंची 57 ते 58. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंशांवर. दिशा 155 च्या आसपास, म्हणजे दक्षिणेकडे बरीच कललेली, उंची 64. डी2एच 88 अंशांवर. दिशा 143, उंची 61. डिश टीव्ही 95 अंशांवर; दिशा 131, उंची 56. एअरटेलचा 108.2 अंशांवर, सगळ्यांत पूर्वेला आणि सगळ्यांत खाली. दिशा 116-117, उंची 45 ला जरा कमी. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी कठडा, पत्रे आणि डिशचा खांब यांच्यापासून दोन-तीन पावलं लांब उभं राहून दिशा घ्यावी आणि समोरची एखादी खूण लक्षात ठेवावी. आणखी एक: या डिश तिरप्या नजरेच्या असतात. तबक जवळजवळ उभं दिसतं, तरी त्याची नजर तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. म्हणून 57 अंश उंची म्हणजे तबक 57 अंश झुकवणं नव्हे; पकडीवर छापलेली खूण पाहावी.

आता एक जण टीव्हीसमोर, एक गच्चीवर, मध्ये व्हिडिओ कॉल. खालच्याने दर्जाचा पट्टा दाखवत राहायचं. वरच्याने डिश मुंगीच्या पावलाने वळवायची: अर्धा सेंटिमीटर, मग तीन-चार सेकंद थांबायचं, पुन्हा अर्धा सेंटिमीटर. हे थांबणं फार महत्त्वाचं, कारण बॉक्सला उपग्रह ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवणारा माणूस योग्य जागेवरून चार वेळा पुढे निघून जातो आणि डिशला शिव्या देतो. दर्जा सापडला की आधी आजूबाजूला शिखर शोधायचं, मग उंचीत तसंच, आणि शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवून पाहायचा. उपग्रह आपल्या पूर्वेला बराच दूर असल्यामुळे नाशकात एलएनबी सरळ उभा न राहता चांगलाच तिरका बसतो. काही कंपन्यांच्या पकडीत तो तिरकेपणा आधीच धरलेला असतो. बोल्ट आवळताना डिश पुन्हा किंचित सरकते, म्हणून चारही आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत आणि खालच्याने तोवर पट्ट्यावरची नजर काढू नये.

फ्री डिशसाठी मेनूत उपग्रह 93.5 निवडून एलएनबी युनिव्हर्सल, म्हणजे 9750 आणि 10600, ठेवतात. तपासायला 11090 मेगाहर्ट्झ ही वारंवारता, व्हर्टिकल म्हणजे उभं ध्रुवण, आणि सिम्बॉल रेटच्या रकान्यात 29500. वरून येणारी इतकी उंच वारंवारता केबलमधून उतरवणं अवघड, म्हणून एलएनबी त्यातून 9750 वजा करतो आणि केबलमधून 1340 मेगाहर्ट्झ खाली येतात. एलएनबीचा आकडा चुकीचा भरला तर ही वजाबाकीच चुकते. डिश अचूक असूनही दर्जा शून्य राहतो, आणि माणूस गच्चीवर तासभर उन्हात डिश फिरवत राहतो. वर जाण्याआधी खाली हे एकदा पाहावं. एमपेग-2 आणि एमपेग-4 या चित्र दाबून पाठवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती; जुना एमपेग-2 बॉक्स असेल तर एमपेग-4 मधल्या वाहिन्या त्याच्यावर दिसणार नाहीत. तिथे मात्र खरोखरच बॉक्स बदलावा लागतो.

डिश जागेवर, तरी दर्जा कमी. मग समोर पाहायचं. नवी पाण्याची टाकी, वाढलेला आंबा, शेजारी चढलेला मजला. हिशेब सोपा आहे. समोरचा अडथळा डिशपेक्षा तीन मीटर उंच असेल, तर 83 अंशांच्या उपग्रहासाठी तो दीड मीटर लांब असला तरी चालतं, 93.5 साठी दोन मीटर, 108.2 साठी मात्र पुरे तीन. म्हणून शेजारी इमारत उठली की एकाच गच्चीवरच्या दोन घरांपैकी एकाचं चित्र जातं, दुसऱ्याचं राहतं.

वाट मोकळी आहे का ते पाहायची सर्वांत सुंदर युक्ती सूर्य देतो. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. नाशिकहून 93.5 अंशांसाठी हे घडतं 11-12 मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि पुन्हा 2 ऑक्टोबरच्या आसपास अकराला सात-आठ मिनिटं कमी असताना. गांधी जयंतीची सुट्टी, लक्षात ठेवायला सोपं. त्या मिनिटाला गच्चीवर जावं. डिशच्या तबकावर एलएनबी आणि त्याच्या दांड्याखेरीज दुसरी कसलीही सावली नसेल तर वाट स्वच्छ. आंब्याची डहाळी, टाकीची कड, शेजाऱ्याचा कठडा, ज्याची सावली तबकावर पडेल तोच चोर. तबकात परतलेला उजेड त्या वेळी एलएनबीच्या तोंडाशी गोळा होतो. एलएनबीचं प्लॅस्टिकचं झाकण उजळलेलं दिसलं तर डिशची नजर नेमकी जागेवर आहे, आणि उजेडाचा तो डाग बाजूला पडला असेल तर किती आणि कुठे वळवायची ते तोच दाखवतो. याच दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं, कारण सूर्याचीही खरखर डिशमध्ये उतरते. तीन-चार दिवस ठरावीक वेळेला असं होतं आणि थांबतं. त्या दिवसांत दुरुस्तीला बोलावू नये. सूर्याकडे थेट पाहू नये, पाहायची ती सावली.

रिचार्ज केला तरी वाहिनी लागत नाही, ही तक्रार वेगळ्या जातीची. पैसे मोबाइलवरून भरले जातात, पण पाहण्याची परवानगी बॉक्सला मिळते ती उपग्रहावरून, त्याच चित्राच्या प्रवाहातून. रिचार्जच्या वेळी बॉक्स बंद असला तर परवानगी येऊन निघून जाते. म्हणून बॉक्स चालू ठेवून, दर्जा चांगला असल्याची खात्री करून, एखाद्या वाहिनीवर अर्धा तास सोडावा आणि मग कंपनीच्या अॅपवरून किंवा मेसेजने रिफ्रेश पाठवावा. दोन महिने गावी जाऊन आलेल्या घरात हे हमखास लागतं. कार्ड वाचता येत नाही असा संदेश असेल तर बॉक्स बंद करून कार्ड काढावं, सोनेरी चकती कोरड्या सुती कापडाने पुसावी, बाणाच्या दिशेने पुन्हा घट्ट बसवावं. पाण्याचा थेंबही नको.

बॉक्स स्वतः बिघडतो तेव्हा त्याचं कारण बहुधा उष्णता किंवा अडॅप्टर. बहुतेक बॉक्सना 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो, अँपिअरचा आकडा बॉक्सच्या पाठीवर छापलेला असतो. जुना अडॅप्टर मोकळा मोजला तर 12 दाखवतो, पण बॉक्स जोडला की वाकतो. आतले कपॅसिटर सुकतात, डोकं फुगतं. लक्षण ठरलेलं: दिवा लागतो, चिन्ह दिसतं, पुन्हा अंधार, पुन्हा चिन्ह. असं फिरत राहिलं तर बॉक्स टाकून देण्याआधी तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, पिनेची धन-ऋण बाजू जुळणारा अडॅप्टर लावून पाहावा. आणि तासाभरानंतरच चित्राचे चौकोन होत असतील तर हात लावून बघावं. शोकेसच्या बंद कप्प्यात, वर विणलेला रुमाल, त्यावर गणपती, असा बॉक्स मे महिन्यात भाजून निघतो. चारही बाजूंनी चार बोटं मोकळी जागा द्यावी. रुमाल काढावा, गणपतीला दुसरी मानाची जागा द्यावी.

रिमोटचं थोडक्यात. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरून बटण दाबावं. जांभळट ठिपका दिसला तर रिमोट जिवंत आहे. मागचा कॅमेरा कधीकधी तो प्रकाश गाळतो, म्हणून पुढच्यानेही पाहावं. ठिपका नसेल तर सेल बदलावेत, आणि पाझरलेल्या सेलची पांढरी पुटं स्प्रिंगवरून खरवडावीत. घरात वयस्क माणूस असेल तर सोर्सच्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. ते चुकून दाबलं जाणं हाच त्या घरातला सर्वांत मोठा बिघाड असतो.

केबलच्या बॉक्सला यातलं डिशचं काही लागू नाही. 31 मार्च 2013 ही केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्याची मुदत होती, त्यात नाशिक आलं, आणि केबलची तार थेट टीव्हीत खोचायचे दिवस संपले. तिथे चित्र ढगाने जात नाही. पावसात गेलं तर गल्लीतल्या जोडात पाणी शिरलेलं असतं, आणि घरात वीज असून चित्र नसेल तर गल्लीतल्या अॅम्प्लिफायरची वीज गेलेली असू शकते. शेजारच्या दोन घरांत विचारून मगच फोन करावा. त्यांचंही गेलं असेल तर आपला बॉक्स निर्दोष.

वळवाच्या दिवसांत आभाळ कडाडायला लागलं की प्लगबरोबर बॉक्समागची डिशची पिनही सोडवून ठेवावी, आधी प्लग, मग पिन. वीज दोन्ही वाटांनी येते आणि आपण सहसा एकच बंद करतो.

ताकद आणि दर्जा यांचे आकडे बॉक्सगणिक वेगळे असतात. शेजाऱ्याचा 90 आणि आपला 70 याला अर्थ नाही. आपला परवाचा 70 आणि आजचा 45 याला आहे. म्हणून सगळं उत्तम चालू असेल अशा एखाद्या कोरड्या दिवशी मेनू उघडून दोन्ही आकडे वाचावेत आणि गच्चीवर जाऊन, बोल्टवर ग्रीसचं बोट फिरवून झालं की, डिशच्या पाठीवर त्याच मार्करने लिहून ठेवावेत: वाहिनी, ताकद, दर्जा, तारीख. पुढच्या वेळी पाना घेऊन वर येणारा माणूस आधी तेवढं वाचेल.